मुलाच्या मानेत गाठ लागतेय, किती दिवस थांबायचं?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. आमचं पिल्लू साडेतीन वर्षांचं. गेल्या महिन्यात आंघोळ घालताना उजव्या जबड्याखाली हाताला गाठ लागली. साबणाच्या हातानं नीट कळेना म्हणून पुसून परत बघितलं. चिंचोक्याएवढी, बोटाखाली सरकणारी. मग सगळी मान चाचपली, तर मागं केसांच्या कडेला आणखी दोन, मसुराच्या दाण्याएवढ्या.

त्याआधी आठवडाभर सर्दी आणि दोन दिवस ताप होता. डॉक्टर म्हणाले, सर्दीमुळं आलीय, जाईल. पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं, ते संपलं. आज २४ दिवस झाले, जबड्याखालची गाठ आहे तेवढीच आहे.

घरात प्रत्येकाचं वेगळं. सासूबाई म्हणतात ही गंडमाळ, त्यांच्या चुलत दिराला होती, मान फुटून वाहायची. शेजारच्या काकू म्हणतात अवधाण आहे, चुना-गूळ लावा. नवरा रात्री मोबाईलवर काय काय वाचतो आणि मग आम्ही दोघंही जागे. मी दिवसातून दहा वेळा दाबून बघते. आता माझा हात गळ्याकडं गेला की पोरगं मान आखडून घेतं.

ताप नाही, खेळतो, झोपतो. वजन १३ किलो ८००. जेवण तसं आहे, फक्त महिनाभर भाकरी नको म्हणतो, दूधभात नाहीतर वरणभातच मागतो.

किती दिवस थांबायचं? साधी गाठ कुठली आणि काळजीची कुठली? ज्यांनी हे घरात बघितलंय त्यांनी कृपया लिहा. फुलेवाडीत राहतो, कोल्हापुरात कुठंही जायची तयारी आहे.

मंगळवारकर
ताई, पहिलं काम म्हणजे दाबणं बंद करा. माझ्या थोरलीला दुसऱ्या वर्षापासून मानेत गाठ लागते. ती आता दहावीत आहे. गाठ अजून लागते, वाटाण्यापेक्षा लहान. आम्ही विसरूनही गेलोय.

जोंधळा
@मंगळवारकर, तुमची लेक बरी आहे, आनंद आहे. पण "आमच्याकडं काही झालं नाही" एवढ्यावर कुणाला थांबवू नका. आमच्याकडं झालं होतं. रात्री सविस्तर लिहिते.

बालवैद्य
मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलाला न बघता निदान सांगणार नाही, पण गाठीबद्दल थोडं लिहितो.

कोल्हापूरकरांना पटेल असं सांगायचं तर ही गाठ म्हणजे तालीम. अशा शेकडो तालमी अंगभर आहेत, मानेत सगळ्यात दाट. आत पांढऱ्या पेशी तयार होतात. घशात, कानात, दातात जंतू शिरला की त्याचे तुकडे जवळच्या तालमीत पोचतात, पेशी भराभर वाढतात आणि तालीम फुगते. कुस्ती निकालात निघाली तरी मल्ल लगेच घरी जात नाहीत. म्हणून सर्दी आठ दिवसांत बरी होते आणि गाठ चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त रेंगाळते. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. एक गाठ उतरायच्या आत दुसरी सर्दी येते, आणि आईला वाटतं की गाठ जातच नाही.

आकाराचा साधा हिशेब असा. मानेत आणि काखेत १ सेंटिमीटरपर्यंत, जांघेत दीड सेंटिमीटरपर्यंतची मऊ, सरकणारी गाठ धडधाकट मुलांमध्येही सर्रास सापडते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाठ कुठं आहे. डोक्याच्या मागं असेल तर टाळू बघायचा: उवा, फोड, खवडा. कानामागं असेल तर कान, टाळू आणि रुबेला. जबड्याखाली असेल तर घसा, हिरड्या, दात. काखेत असेल तर हात. जांघेत असेल तर पाय, बोटांच्या बेचक्यातली जखमसुद्धा. अवधाण हा आपला जुना शब्द नेमका याच अर्थाचा आहे, जखम एकीकडं आणि गाठ दुसरीकडं.

हासळीच्या हाडाच्या वर, खळग्यात गाठ लागली तर मात्र आकार मोजत बसायचं नाही. ती वाटाण्याएवढी असली तरी त्याच आठवड्यात डॉक्टर. छातीतल्या आणि पोटातल्या गाठीची खबर त्या जागी लागते.

बाकी ठिकाणी लवकर दाखवायचं ते असं: २ सेंटिमीटरच्या वर गेली, दोन आठवड्यांत वाढतच चालली, चार-सहा आठवड्यांत उतरायचं नाव नाही, दगडासारखी कडक आहे, खालच्या मांसाला चिकटलीय. किंवा गाठ लहान आहे पण मूल फिकट पडतंय, वजन उतरतंय, रात्री घामानं उशी भिजतेय, अंगावर मार न लागता निळे डाग येतायत. गाठीपेक्षा मुलाकडं जास्त बघा, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

लाल, गरम आणि हात लावू न देणारी गाठ असेल तर ती पिकणारी. तिथं एक-दोन दिवसही थांबू नका.

चाफेकळी
डॉक्टर, मनापासून आभार. हासळीवरचं लगेच बघितलं, तिथं काही नाही. मोजायची कशी? चिंचोके तर सगळे वेगवेगळे असतात.

बालवैद्य
प्लॅस्टिकची शाळेतली पट्टी घ्या. गाठीच्या दोन्ही कडांना दोन बोटं ठेवा, मधलं अंतर पट्टीवर बघा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच दिवशी लिहा. आठवड्यातून एकदा, रविवारी. मधल्या सहा दिवसांत हात लावायचा नाही. सतत दाबून गाठ दुखरी होते आणि आईच्या बोटांना रोज ती मोठीच वाटते. लिहिलेला आकडा घाबरत नाही.

सदाफुली
गालगुंड नसेल ना? आमच्या गल्लीत दोन मुलांना आहे.

बालवैद्य
गालगुंडात कानापुढची लाळेची ग्रंथी सुजते. गाल भरतो, जबड्याचा कोपरा हाताला सापडत नाही, कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते. जबड्याखाली सुटी सरकणारी गाठ म्हणजे गालगुंड नव्हे. विषय निघाला म्हणून सांगतो, सरकारी लसीकरणात ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत मिळते ती गोवर-रुबेलाची लस. गालगुंडाची लस त्यात नाही, ती एमएमआर म्हणून वेगळी घ्यावी लागते.

वेखंड
आमच्या घरात तीन पिढ्या वैद्यकी होती. आंबेहळद आणि रक्तचंदन सहाणेवर उगाळून कोमट लेप लावल्यानं सूज उतरते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गंडमाळेवर कांचनार गुग्गुळ परंपरेनं देतात. प्रत्येक गाठीला सुई आणि रक्त कशाला? लहान जिवाला उगाच त्रास.

जोंधळा
@वेखंड, तुमच्या घराण्याबद्दल आदर ठेवून लिहिते. आमच्या घरातही लेपच लावला होता. आता सगळंच लिहिते.

आम्ही गडहिंग्लजच्या बाजूचे. लेक तेव्हा पाच वर्षांची. डाव्या बाजूला मानेत गाठ आली, दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून आम्ही निवांत. ते निवांतपण आजही मला टोचतं. पहिला महिना लेप. दुसऱ्या महिन्यात गावातल्या एका बाईंनी बिब्बा घातला, कातडी भाजून काळी पडली. तोवर एकाच्या तीन गाठी झाल्या होत्या, खजुराच्या बिया एकमेकींना चिकटाव्यात तशा. वेणी घालताना डावीकडं मान वळेना.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली, तर घरात सगळे म्हणाले, सुई लावली की गाठ पसरते. त्यात तीन आठवडे गेले. शेवटी माझ्या भावानं आम्हाला गाडीत घातलं आणि कोल्हापूरला सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात आणलं. बारीक सुई होती, इंजेक्शनच्या सुईसारखी. लेक जेवढी रडली तेवढी ती लशीलाही रडते. आतलं थोडं पाणी काचेवर घेतलं, थोडं यंत्रावरच्या तपासणीला पाठवलं. क्षयाचा जंतू सापडला. म्हणजे आमच्या म्हाताऱ्या माणसांचा गंडमाळ हा शब्द बरोबर होता. औषध मात्र आता आहे, जे त्यांच्या वेळी नव्हतं.

सहा महिने रोज गोळ्या. पाण्यात विरघळणाऱ्या, वजनावर मोजून. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सगळं सरकारकडून फुकट, वर निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यावर. तेव्हा महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली आणि मी रडायलाच लागले. औषधाचा रंग तो, कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून इथं मुद्दाम लिहितेय.

दुसऱ्या महिन्यात गाठ उतरायच्या ऐवजी आणखी फुगली. घरात परत "औषध लागू पडत नाही, बंद करा" सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, कधीकधी असं होतं, आतला जंतू मरताना अंगच जोरात लढतं, गोळ्या थांबवायच्या नाहीत. थांबवल्या नाहीत. चौथ्या महिन्यात मान मोकळी झाली.

आणि एक गोष्ट, जी लिहायला हात जड होतोय. मुलाला क्षय होतो तो बहुतेक वेळा घरातल्या किंवा जवळच्या मोठ्या माणसाकडून, म्हणून आम्हा सगळ्यांची तपासणी झाली. आमचे मामंजी चार-पाच महिने खोकत होते. तंबाखूचा खोकला म्हणून कुणी बघितलंच नव्हतं. लेक त्यांच्याच कुशीत झोपायची. त्यांना सांगितलं त्या दिवशी ते रात्री उशिरापर्यंत गोठ्यात जाऊन बसले. आम्ही त्यांना एक शब्द बोललो नाही. दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात ठेवायचे मी, आणि ते तिला आधी देऊन मग आपल्या घ्यायचे. एक दिवस चुकवला नाही.

चाफेकळी
जोंधळाताई, वाचून डोळे भरले. माझ्या सासूबाईंनाही वाचून दाखवलं.

मंगळवारकर
जोंधळाताई, मी वर घाईनं लिहिलं होतं. तुमचं म्हणणं बरोबर आहे.

बालवैद्य
जोंधळाताईंनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे. दोन पुरवण्या जोडतो. सुईनं गाठ पसरते ही भीती मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. पसरत नाही. सुईनं निदान होतं आणि योग्य औषध सुरू होतं. आणि फुफ्फुसात आजार नसेल तर नुसत्या मानेच्या गाठीच्या क्षयातून दुसऱ्या मुलाला लागण होत नाही. शाळेनं मुलाला बाहेर बसवायचं काही कारण नाही.

@वेखंड, साध्या सुजेवर आंबेहळदीचा लेप कुणी लावला तर माझं भांडण नाही. पण लेपाला मुदत हवी, दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे. बिब्बा, चुना, तापलेल्या लोखंडाचा डाग मात्र मुलाच्या कातडीला कधीच नको.

वेखंड
मुदतीचं मान्य. बिब्बा आमचे आजोबाही मुलांना कधी घालत नसत, हे नोंदवतो.

जोंधळा
@बालवैद्य, शाळेबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्हाला तो त्रासही झाला होता. त्याबद्दल आता बोलत नाही.

मंगळवारकर
एक शंका. क्षय दुधातूनही होतो असं कुठंतरी ऐकलं होतं. खरं का?

कट्टेकर
आता दुधाला नावं ठेवू नका राव. गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहून म्हशीची धार ग्लासात घेऊन पिणारी आमची तिसरी पिढी. फेस ओठाला लागल्याशिवाय आमचा दिवस मावळत न्हाई. आमच्यात कुणाच्या मानेत गाठ आली न्हाई.

बालवैद्य
@कट्टेकर, त्या कट्ट्याचं कौतुक मलाही आहे. पैलवानांचं गाव हे, दूध नको असं मी कसं म्हणेन. आज आपल्याकडं मुलांना होणारा क्षय बहुतेक सगळा खोकणाऱ्या माणसाकडून, हवेतून येतो. पण गुरांच्या क्षयाचा जंतू वेगळा, सख्ख्या नात्यातला, आणि तो कच्च्या दुधातून पोटात जातो. घशातून तो थेट मानेच्या गाठीत उतरतो. युरोपात दूध तापवून विकायला लागायच्या आधी लहान मुलांच्या गंडमाळेचं हे मोठं कारण होतं. ब्रुसेला हा तापाचा जंतूही कच्च्या दुधातूनच येतो. जनावर वरून ठणठणीत दिसतं, त्यामुळं बघून कळत नाही. एक उकळी येऊ द्यायची, सगळा धोका संपला. दुधाचं बळ उकळीनं जात नाही.

कट्टेकर
बरं. नातीचं दूध उद्यापासून उकळून. सुनेला सांगितलं. ती म्हणाली, मी वर्षभर हेच सांगत होते.

दोन_वेण्या
मी प्राथमिक शाळेत शिकवते. डोक्याच्या मागच्या गाठींबद्दल थोडं. पहिलीच्या वर्गातल्या एका मुलीची आई अशीच घाबरून आली होती, कॅन्सर म्हणून रात्रभर झोपली नव्हती. मी मुलीची वेणी सोडली. कानामागं केसांच्या मुळाशी लिखा मोहरी पेरल्यासारख्या, आणि खाजवून खाजवून टाळूवर दोन फोड. गाठी त्या फोडांच्या होत्या. डॉक्टरांनी उवा मारायचं पर्मेथ्रिनचं लोशन दिलं, आठवड्यानं परत लावायला सांगितलं, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायला सांगितलं. ते महत्त्वाचं, नाहीतर बहिणीच्या डोक्यातून परत येतात. महिन्यात गाठी गेल्या. चाफेकळी, केस बाजूला करून उजेडात बघा एकदा.

नवबाबा
आमची मुलगी चार महिन्यांची. डाव्या काखेत सुपारीएवढी गाठ. बाकी काही नाही, दूध पिते, हसते. हे त्यातलंच का?

बालवैद्य
जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजी, म्हणजे क्षयाची लस दिली असेल. त्याच बाजूच्या काखेत अशी गाठ काही बाळांना येते आणि बहुतेकांची काही महिन्यांत आपोआप विरते. दाबू नका, शेकू नका, तेल चोळू नका. मऊ पडली, वरची कातडी लाल-जांभळी झाली तर दाखवा, गरज पडली तर सुईनं पाणी काढतात. बाळ वारंवार आजारी पडत असेल किंवा वजन वाढत नसेल तर लगेच. तसंही एकदा तुमच्या डॉक्टरांच्या हाताखालून जाऊ द्या.

नवबाबा
आजी रोज शेकत होती. आज थांबवतो.

कृष्णाकाठ
मला इथं एक लिहायचंच आहे, कारण गाठीमुळं आमची दिशा चुकली होती.

मुलगी अडीच वर्षांची. ताप १०३, उतरेच ना. तिसऱ्या दिवशी मानेत एका बाजूला लिंबाएवढी गाठ. सगळे म्हणाले गाठ पिकतेय, अँटिबायोटिक सुरू, मग ते बदललं. मी सांगत होते की डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत, ओठ फुटून रक्ताळलेत, जीभ लालबुंद झालीय. माझ्या बोलण्याकडं लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. सहाव्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरनी तिचे तळहात बघितले, सुजलेले, लाल. त्यांनी तिथूनच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

कावासाकी आजार. १९६७ मध्ये जपानच्या डॉ. कावासाकींनी पहिल्यांदा मांडला म्हणून ते नाव. बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगवतो. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, आणि ते तापाच्या पहिल्या दहा दिवसांत दिलं तर हृदय वाचायची शक्यता खूप वाढते. आम्हाला सातव्या दिवशी मिळालं. दोन आठवड्यांनी आणि परत सहा आठवड्यांनी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको केला, दोन्ही चांगले. दुसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांची सालं निघाली, बटाट्याची निघतात तशी. ते बघूनही मी घाबरले होते, पण तोही आजाराचाच भाग.

पाच दिवस ताप, लाल डोळे, लाल ओठ आणि मानेत एक मोठी गाठ. आयांनो, एवढं पाठ करून ठेवा आणि डॉक्टरांना तोंडावर सांगा, "कावासाकी नाही ना, बघा."

बालवैद्य
त्या सिस्टरांना माझा नमस्कार. सगळी लक्षणं एकाच दिवशी दिसत नाहीत, एक येतं तोवर दुसरं गेलेलं असतं. म्हणून तारखेवार लिहून ठेवणारी आई डॉक्टरची मोठी मदत असते. रोज फोटो काढून ठेवले तरी चालतात.

सदाफुली
चाफेकळी, एक अँटिबायोटिक लागू पडलं नाही तर दुसरं घ्या ना. माझ्या मुलाला मेडिकलवाल्यानं सूज उतरायचं गोड औषध दिलं होतं, तीन दिवसांत गाठ गायब.

बालवैद्य
सदाफुली, तुमच्या मुलाचं भलं झालं, पण हे इथं वाचणाऱ्या कुणीही करू नका. तीन दिवसांत सूज उतरवणारं औषध बहुधा स्टिरॉइड असतं. गाठ कशाची आहे ते ठरायच्या आधी स्टिरॉइड दिलं आणि ती कॅन्सरची निघाली, तर तो थोडे दिवस दबतो, तपासणीत नीट सापडत नाही आणि नंतर उपचार अवघड होतात. क्षय असेल तर तो भडकतो. अँटिबायोटिकचंही तेच: विषाणूच्या सर्दीनं आलेल्या गाठीला त्याचा काही उपयोग नाही. बाटल्या बदलून गाठ जात नाही, कारण शोधावं लागतं.

सदाफुली
मला हे माहीत नव्हतं. ती बाटली अजून फ्रिजमध्ये आहे. टाकून देते.

निळी_छत्री
हे लिहू की नको असं झालं होतं. माझ्या पुतण्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर होता. मानेत गाठी होत्या, पण आम्हाला आधी त्या दिसल्याच नाहीत. तो पाय दुखतात म्हणायचा. रात्री उठून रडायचा. शाळेत दमतो, जिन्यावर बसतो. आम्ही म्हणायचो, वाढीचं दुखणं. मग एका रविवारी माझी जाऊ उन्हात त्याची नखं कापत होती, तर बोटं कागदासारखी पांढरी. दुसऱ्या दिवशी साधी रक्ताची तपासणी केली आणि त्यातच कळलं. उपचार लांब चालले. आता तो सातवीत आहे, रंकाळ्यावर सायकल फिरवतो. डॉक्टरांनी वर लिहिलंय ना, गाठीपेक्षा मुलाकडं बघा, ते मी शंभर वेळा लिहीन.

दंतकथा
उशिरा वाचतेय. सगळे गाठीबद्दल बोलताहेत, माझं लक्ष एका ओळीवर अडकलं. चाफेकळी, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की महिनाभर भाकरी नको म्हणतो. मी लहान मुलांचे दात बघते. गाठ उजव्या जबड्याखाली, आणि चावायचं खाणं बंद. तो कुठल्या बाजूनं चावतो? रात्री झोपताना बाटलीनं दूध पितो का, त्यात साखर असते का? त्याला मांडीवर आडवा घ्या, टॉर्च लावा आणि खालच्या उजव्या दोन दाढा बघा. दुधाची दाढ आतून किडली तरी मूल "दुखतं" असं सांगत नाही. ते फक्त भाकरी सोडतं.

चाफेकळी
आत्ता बघितलं. झोपेत तोंड उघडून. मागच्या दाढेत काळा खड्डा आहे, तुरीचा दाणा बसेल एवढा. बाटली आहे, हो. साखर घालून, रात्री सासूबाई देतात. उद्याच जाते.

बालवैद्य
@दंतकथा, शाब्बास. चाफेकळीताई, दातांचं बघाच, पण बालरोगतज्ज्ञांनाही परत दाखवा. दात सापडला म्हणून बाकी तपासायचं राहायला नको.

मंगळवारकर
तीन आठवडे झाले. चाफेकळीताई, काय झालं?

चाफेकळी
उशीर झाला लिहायला, माफ करा. दोन्हीकडं गेलो. बालरोगतज्ज्ञांनी गाठ मोजली, १.८ सेंटिमीटर. पोट, काखा, जांघा, हासळी सगळं तपासलं. रक्ताची तपासणी आणि छातीचा एक्स-रे केला, दोन्ही चांगले आले. घरात कुणी खोकतं का, तेही विचारलं. दाताच्या डॉक्टरांनी दाढेवर हलकं ठोकलं तेव्हा पिल्लू असं किंचाळलं की मलाच कळलं. मुळाशी पू होता. दोन फेऱ्यांत आतलं साफ करून औषध भरलं, वर चांदीसारखी टोपी बसवली. ती टोपी तो आता गल्लीत सगळ्यांना तोंड उघडून दाखवतो.

कॅलेंडरवर चार रविवार आहेत. १.८, १.६, १.३, १.१. मागच्या दोन छोट्या तशाच आहेत, त्या राहू द्या म्हणाले.

बाटलीचं मी काही बोलले नव्हते. सासूबाईंनीच ती धुतली, पुसली आणि माळ्यावर टाकली. त्या रात्री त्या परत चुलत दिराबद्दल बोलल्या. मी आधी ऐकलेलं ते गाठ फुटून वाहायची एवढंच. त्या म्हणाल्या, तो नऊ वर्षांचा होता, त्याला कुणी कुठं नेलंच नाही, मळ्यात कामं होती. मग बराच वेळ पिल्लूच्या केसांतून हात फिरवत बसल्या.

जोंधळा
त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि भाकरी?

चाफेकळी
काल ज्वारीची, अर्धी. उजव्या बाजूनं.